पेंटोमिनोचा लाकडी संच: हुशार मुलांसाठी घ्यावा का?

गेल्या वर्षी मे महिन्यात बेळगावच्या खडेबाजारातील एका खेळण्यांच्या दुकानातून मी पेंटोमिनो या तुकडे जुळवण्याच्या कोड्याचा लाकडी संच ४५० रुपयांना घेतला. तेव्हापासून तो आमच्या घरी सतत वापरात आहे. माझा आठ वर्षांचा भाचा, शेजारची कन्नड माध्यमात शिकणारी दहा वर्षांची मुलगी आणि शनिवारी दुपारी माझ्याकडे गणितासाठी येणारी काही मुले हे त्याचे नेहमीचे खेळगडी आहेत. वर्गात सगळ्यांच्या आधी उदाहरण सोडवून हाताची घडी घालून बसणाऱ्या मुलाला घरी काय द्यावे, असे पालक मला वारंवार विचारतात. त्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर या खोक्यात आहे असे माझे मत झाले आहे, म्हणून त्याचे गुण आणि दोष दोन्ही सविस्तर लिहीत आहे. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण याच मापाचे आणि याच रंगांचे संच निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि खाली जे सांगितले आहे ते थोड्याफार फरकाने त्या सर्वांना लागू पडेल.

खोक्यात एक लाकडी तबक, बारा रंगीत तुकडे आणि एक छापील पुस्तिका असते. पाच समान चौकोन कडेला कड लावून जोडले, तर बरोबर बारा वेगवेगळे आकार तयार होतात; एखादा आकार फिरवून किंवा उलटा करून मिळत असेल तर तो नवा धरायचा नाही. प्रत्येक तुकड्यात पाच घरे, म्हणजे बारा तुकड्यांत साठ घरे, आणि तबकही सहा गुणिले दहा अशा साठ घरांचे. सर्व तुकडे तबकात बसवायचे, एवढाच नियम. अमेरिकन गणितज्ञ सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या गणित मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानात या आकारांची मांडणी केली. त्यापूर्वी १९०७ मध्ये इंग्लंडच्या हेन्री ड्यूडनी यांच्या एका कोड्यातही हे आकार येऊन गेले होते. १९८४ साली रशियन प्रोग्रामर अलेक्सी पाजितनोव्ह यांना टेट्रिस हा संगणकावरचा खेळ सुचला तोही यावरूनच. त्यांनी पाचाऐवजी चार चौकोनांचे तुकडे घेतले, इतकेच.

सहा गुणिले दहाच्या तबकात हे तुकडे २,३३९ वेगवेगळ्या रीतींनी बसतात. हा आकडा १९६० साली संगणकाच्या मदतीने काढला गेला. एवढी उत्तरे असूनही पहिले उत्तर हाती लागायला मोठ्या माणसालाही पुष्कळ वेळ जातो. तेच साठ घरांचे आयत पाच गुणिले बारा केले तर उत्तरे १,०१० उरतात, चार गुणिले पंधरा केले तर ३६८, आणि तीन गुणिले वीस केले तर फक्त दोन. उलट दिशेने जायचे तर पाच वर्षांच्या मुलाला तीनच तुकडे देऊन तीन गुणिले पाचचे छोटे आयत भरायला सांगता येते. एकाच खोक्यातून बालवाडीतले मूलही खेळू शकते आणि पदवीधर माणूसही अडू शकतो. प्रज्ञावंत मुलांच्या बाबतीत मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो का, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

हुशार मुलाची शाळेतली मोठी अडचण अशी असते की त्याला कधी अडचणच येत नाही. पहिली-दुसरीपासून जे समोर येते ते त्याला पहिल्याच प्रयत्नात जमते, आणि न जमलेल्या गोष्टीपाशी शांतपणे बसून राहण्याची सवय लागण्याचा प्रसंगच येत नाही. मग आठवी-नववीत किंवा अकरावीत पहिले खरे अवघड प्रकरण समोर येते, तेव्हा हे मूल इतरांपेक्षा अधिक घाबरते, कारण न येणे म्हणजे आपण हुशार नसणे असा अर्थ त्याने मनाशी बांधलेला असतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे फार स्पष्ट दिसले. कोडी सोडवल्यावर ज्या मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले गेले, ती पुढे आपली हुशारी दिसून येईल अशीच कामे निवडू लागली आणि अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली. ज्यांच्या मेहनतीचे कौतुक झाले ती मात्र अवघड कामाकडे वळली आणि चिवटपणे टिकून राहिली. आपल्या भागात नातेवाइकांसमोर मुलाला उभे करून पाढे म्हणून घेण्याची आणि ‘लई हुशार हाय पोरगं’ म्हणून पाठ थोपटण्याची पद्धत अजून आहे. त्यामागचे प्रेम खरे असते, पण त्या मुलावर त्या दिवसापासून काय ओझे येते याचा विचार होत नाही.

खेळात हे ओझे नसते. तुकडा बसला नाही तर कोणी लाल शाईने फुली मारत नाही, पहिला-दुसरा क्रमांक नसतो, आणि अडल्यावर उठून पाणी पिऊन परत येता येते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी जलतरण, पियानो, शिल्पकला, गणित, संशोधन अशा क्षेत्रांत लहान वयात मोठी उंची गाठलेल्या १२० जणांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात कडक शिस्तीच्या तालमीने झालेली नव्हती. आधी त्या विषयाशी खेळत, रमत घालवलेली काही वर्षे होती आणि काटेकोर शिक्षण त्यानंतर आले. आपण मात्र हा क्रम उलटा करतो. मूल चुणचुणीत दिसले की चौथीतच नवोदयच्या प्रवेशपरीक्षेचे पुस्तक आणून देतो. त्या परीक्षेत आकृत्यांचे प्रश्न असतात, तेव्हा या खेळाचा त्यासाठी उपयोग होईल का, असेही मला दोन-तीन पालकांनी विचारले. थोडासा होईलही. पण त्या हेतूने आणाल आणि ‘आज किती वेळात लावलंस?’ असे रोज विचाराल, तर आठवड्याभरात हे खोके कपाटावर जाईल याची खात्री बाळगा.

आता प्रत्यक्ष काय घडते ते सांगते. बारा तुकड्यांत बेरजेच्या चिन्हासारखा एक तुकडा आहे. भाचा त्याला ‘बेरीज’च म्हणतो, नागमोडी पायऱ्यांसारख्या तुकड्याला ‘जिना’ आणि सरळ पाच घरांच्या तुकड्याला ‘काठी’. सुरुवातीला तो बेरीज तबकाच्या कोपऱ्यात सारायचा. तसे केले की कोपऱ्यातले एक घर एकटे अडकून पडते आणि त्यात काहीच बसू शकत नाही. हे कोणी न सांगता त्याच्या लक्षात आले आणि बेरीज कोपऱ्यातून आत सरकली. पुढे एका संध्याकाळी दहा तुकडे बसले होते, दोन उरले होते आणि रिकामी जागा दोन ठिकाणी तुटली होती. एका बाजूला चार घरे आणि दुसऱ्या बाजूला सहा. मी काहीतरी बोलणार एवढ्यात तो म्हणाला, “मावशी, सांगू नको की. मोजतोय मी.” बोटाने एकेक घर टेकत त्याने दोन्ही जागा मोजल्या, थोडा वेळ तसाच बसला आणि मग शेवटचा तुकडा न काढता, त्या दोन जागांच्या मधले तीन तुकडे काढले. “पाच-पाच पाहिजेत. नाहीतर मग दहा सलग पाहिजेत.” रिकामा राहणारा प्रत्येक भाग पाचच्या पटीत असला पाहिजे, हा नियम आठ वर्षांच्या मुलाने स्वतः शोधला होता, आणि त्याला तो आता जन्मात कोणी विसरायला लावू शकणार नाही.

याहून सुंदर गोष्ट नंतरच्या शनिवारी घडली. शेजारच्या मुलीला त्याने आपला नियम मोठ्या अधिकाराने समजावून सांगितला. ती आमच्याकडे मराठी बोलते, पण खेळात रंगली की कन्नडवर जाते. “तडी, तडी,” म्हणत तिने त्याला थांबवले, दहा सलग घरांची एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली आणि उरलेले दोन्ही तुकडे त्याच्यासमोर सरकवले. ते कसेही फिरवले तरी बसत नव्हते. “दहा आहेत, तरी कुठं बसतंय?” घरे पाचच्या पटीत नसतील तर तुकडे बसणारच नाहीत, पण ती पाचच्या पटीत असली म्हणून बसतीलच असे नाही. आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतला हा फरक महाविद्यालयातल्या मुलांनाही फळ्यावर समजावताना मला दमछाक होते. इथे तो जमिनीवर मांडी घालून बसलेल्या दोन मुलांनी आपसांत वाद घालून काढला. त्या दिवशी मी त्यांना काही शिकवले नाही, आणि न शिकवण्यासाठी मला बरेच तोंड आवरावे लागले.

हा वाद दोन वेगळ्या माध्यमांत शिकणाऱ्या मुलांमध्ये होऊ शकला, हेही मला महत्त्वाचे वाटते. आपल्या सीमाभागात एकाच गल्लीतली मुले मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन माध्यमांच्या शाळांत जातात आणि संध्याकाळी अभ्यासाचे काही एकत्र करण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे उरत नाही. या खेळाला वाचावे लागत नाही. चौकाबारा, वाघ-बकरी, सागरगोटे हे आपले खेळही असेच भाषेवाचून चालणारे आहेत आणि ते घरात असतील तर जरूर खेळवावेत. विशेषतः वाघ-बकरीत दोन बाजूंचे बळ आणि उद्दिष्ट वेगवेगळे असते, म्हणून विचार करणाऱ्या मुलाला तो फार आवडतो.

प्रज्ञावंत मुलांच्या खेळाविषयी आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू यॉर्कमध्ये अशा मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. फार तल्लख मुलाला गुंतागुंतीचे नियम असलेले खेळ हवे असतात, बरोबरीच्या वयाच्या मुलांना ते नियम नकोसे होतात, आणि मग हे मूल एकतर मोठ्यांबरोबर खेळू पाहते किंवा एकटे पडते, असे त्यांना दिसून आले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांतही मी हे पाहिले आहे. पेंटोमिनोचा दोघांनी खेळायचा एक प्रकार गोलोम्ब यांनीच सुचवलेला आहे आणि तो या अडचणीवर चांगला उपाय आहे. आठ गुणिले आठच्या पटावर दोघांनी आळीपाळीने एकेक तुकडा ठेवायचा. ज्याला पुढचा तुकडा ठेवता येणार नाही तो हरला. डाव कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त बारा खेळ्यांत संपतो. नियम एका वाक्यात सांगून होतो, त्यामुळे साध्या मुलालाही कंटाळा येत नाही, आणि आतली खोली एवढी की पहिला खेळणारा अचूक खेळला तर नेहमी जिंकू शकतो हे १९९६ साली संगणकाच्या साहाय्यानेच सिद्ध करावे लागले. ही माहिती मी मुलांना सांगितल्यावर ‘मग पहिल्यांदा मीच’ म्हणून भांडण झाले. त्यावर तोडगाही त्यांनीच काढला: पहिल्याचा पहिला तुकडा कोणता, हे दुसऱ्याने ठरवायचे. नियम बदलून खेळ न्याय्य करणे हेही शिक्षणच आहे, आणि ते खेळाशिवाय दुसरीकडे कुठे घडताना मला दिसत नाही.

आता दोषांकडे वळते. पहिला आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे तुकडे एकाच बाजूने रंगवलेले आहेत. बारांपैकी सहा तुकडे उलटे केल्यावर वेगळे दिसतात आणि तसे उलटे वापरण्याची मुभा हा या कोड्याचा गाभा आहे. उलट्या बाजूला उघडे लाकूड दिसले की मुलाला वाटते, ही चुकीची बाजू. भाच्याने सुरुवातीला एकही तुकडा उलटा केला नाही आणि त्यामुळे कोडे त्याच्यासाठी विनाकारण अवघड झाले. शेवटी आम्ही दुसरी बाजूही त्याच-त्याच रंगाने रंगवली. एवढा रंग वाचवून उत्पादकाचे काय भले होते ते मला कळत नाही.

दुसरा दोष आपल्या हवेमुळे उघडा पडतो. बेळगावात जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो त्यात लाकूड फुगते. जुलैत तुकडे तबकात इतके घट्ट बसू लागले की शेवटचा तुकडा दाबून बसवावा लागे आणि काढताना तबक उपडे करून आपटावे लागे. कडांवर बारीक पॉलिश पेपर फिरवल्यावर हे थांबले, पण खानापूर किंवा त्याहून पावसाळी भागात राहणाऱ्यांनी हे काम पाऊस लागण्यापूर्वीच करावे. कोपरेही धारदार आहेत, तेव्हा त्याच पेपरने तेही गोल करून घ्यावेत. आठ गुणिले आठचा पट संचात नाही आणि बुद्धिबळाच्या पटाची घरे मापाला जुळत नाहीत. तो पुठ्ठ्यावर आखून घ्यावा लागतो.

तिसरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे आणि ती मी गंभीरपणे करते. तिच्या पहिल्या पानावर हा खेळ बुद्ध्यंक वाढवतो असा दावा छापलेला आहे. असा दावा करायला आधार नाही आणि तो वाचून खेळणे विकत घेणाऱ्या पालकाची अपेक्षाही चुकीची होते. पुढे कोडी सोपी, मध्यम, कठीण अशा पायऱ्यांत मांडून प्रत्येकीला तारे दिले आहेत आणि शेवटच्या पानांवर सर्व उत्तरे रंगीत छापली आहेत. म्हणजे शाळेतली गुणपत्रिका आणि गाइड दोन्ही घरात आली. जे मूल न जमण्याची सवय नसल्यामुळेच अस्वस्थ होते, त्याच्या हाताशी उत्तर ठेवले तर ते पान उलटणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. मी पुस्तिका काढून घेतली. त्याऐवजी मुलांना एकच जादाचा प्रश्न दिला: कोणताही एक तुकडा निवडा आणि उरलेल्या अकरांपैकी नऊ तुकडे वापरून त्याचीच तिप्पट लांबी-रुंदीची प्रतिमा तयार करा. बाराही तुकड्यांसाठी हे शक्य आहे. हा एकच प्रश्न कित्येक आठवडे पुरतो. मग मुले आपले प्रश्न आपणच काढू लागतात. हत्ती होतो का, किल्ला होतो का, मधोमध चार घरे रिकामी ठेवून आठ गुणिले आठचा पट भरता येतो का. शेवटचा प्रश्न भाच्याने आपल्या मनाने काढला. त्याची बरोबर ६५ उत्तरे आहेत हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.

पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार मराठीत रुजवला. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बहुतेक पालकांच्या आवाक्यात असे काही नाही. त्यांच्यासमोर शाळा आणि शिकवणी एवढेच असते, आणि बालवाडी सोडल्यावर खेळ म्हणजे वेळ वाया, अशी समजूत घट्ट असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला गावातल्या मुलांसाठी स्थानिक साध्या वस्तूंतून शिक्षणाची साधने तयार केली, त्याचे मोल मला या संदर्भात फार वाटते, कारण साधन महाग असण्याची गरज नाही हे त्यांनी करून दाखवले.

म्हणून ४५० रुपये देऊन हा संच घ्यावा का, याचे माझे उत्तर असे: मूल सहा वर्षांचे किंवा मोठे असेल, घरात निदान एक माणूस न बोलता शेजारी बसायला तयार असेल आणि पुस्तिका बाजूला ठेवायची तुमची तयारी असेल, तर अवश्य घ्यावा. दिवे लागणाऱ्या आणि इंग्रजीत शाबासकी देणाऱ्या बॅटरीच्या खेळण्यांवर याच्या दुप्पट खर्च होतो आणि ती पंधरा दिवसांत अडगळीत जातात. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जाणे होत असेल तर तिथल्या लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिरांकडे दोन्ही बाजूंनी रंगवलेला संच करून मिळतो का, हे विचारून पाहावे. माझा तसा विचार आहे. एवढा खर्च नको असेल, किंवा शाळेत वीस मुलांना एकदम द्यायचा असेल, तर जाड पुठ्ठा पुरे आहे. दोन-दोन सेंटिमीटरच्या घरांची आखणी करा, बारा तुकडे कापा, दोन्ही बाजूंना एकच रंग द्या आणि तबकाऐवजी बारा गुणिले वीस सेंटिमीटरची चौकट कागदावर काढा. कापण्याआधी बारा आकार कोणते, हे मात्र मुलांनाच शोधू द्या. पाच चौकोन जोडून किती वेगळे आकार होतात हा या खेळातला पहिला प्रश्न आहे, आणि विकतच्या खोक्यात नेमका तोच आधीच सोडवून ठेवलेला असतो.